उणे दोन पाया घेऊन पूर्णांक लिहिताना: बाकी, हातचा आणि पडताळा

१३ ही संख्या −२ पाया घेऊन लिहा म्हटलं की तीन उत्तरं वारंवार दिसतात: १११०१, १००११ आणि ११०१. यातलं पहिलं बरोबर आहे. दुसऱ्याची किंमत १५ होते आणि तिसऱ्याची −३. चुकणाऱ्यांना भागाकार येत नाही असं मुळीच नाही. बाकी कोणत्या चिन्हाची ठेवायची हे भागायला बसण्याआधी ठरवलेलं नसतं, आणि तिथेच घोटाळा होतो. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा कणा तोच आहे: आधी बाकी ठरवायची, मगच भागायचं.

नेहमीची द्विमान पद्धत येत असेल तर एवढी तयारी पुरे. कागद-पेन जवळ ठेवा. नुसतं वाचून हे पटतं, पण हातात बसत नाही.

तयारी: दोन तक्ते आधी मांडून घ्या

पहिला तक्ता स्थानिक किमतींचा. कागदाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा आणि स्थानांना शून्यापासून क्रमांक द्या. एकापासून नव्हे, शून्यापासून. पुढे "सम स्थान" आणि "विषम स्थान" हे शब्द सतत येणार आहेत, आणि मोजणी एकापासून सुरू केली तर सगळी चिन्हं उलटी होतात.

स्थान ० : १
स्थान १ : −२
स्थान २ : ४
स्थान ३ : −८
स्थान ४ : १६
स्थान ५ : −३२
स्थान ६ : ६४
स्थान ७ : −१२८
स्थान ८ : २५६

सम स्थानांची किंमत धन, विषम स्थानांची ऋण. अंक फक्त दोनच, ० आणि १. संख्येपुढे वजा चिन्ह कधीही लावायचं नाही, कारण ऋण संख्याही याच दोन अंकांत बसतात. −१ हा अंक म्हणून लिहिला गेला असेल, तर उत्तर तिथेच चुकलं असं समजा.

दुसरा तक्ता बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत जास्त वेळ वाचवतो. किती अंकांत कोणत्या संख्या बसतात, ते यात असतं.

१ अंक : १
२ अंक : −२ ते −१
३ अंक : २ ते ५
४ अंक : −१० ते −३
५ अंक : ६ ते २१
६ अंक : −४२ ते −११
७ अंक : २२ ते ८५
८ अंक : −१७० ते −४३
९ अंक : ८६ ते ३४१

पाठ करायची गरज नाही, तो लगेच तयार करता येतो. पाच अंकी संख्येत डावीकडचा १६ असणारच. तिच्यात सगळ्या धन जागा भरल्या तर १६ + ४ + १ = २१, आणि सगळ्या ऋण जागा भरल्या तर १६ − ८ − २ = ६. बाकीच्या ओळीही अशाच येतात. शून्य सोडलं तर तक्त्यात कुठेही फट नाही आणि कुठेही दोन ओळी एकमेकींवर येत नाहीत, हे एकदा बोटाने तपासून पाहा. प्रत्येक पूर्णांकाला एकच रूप का मिळतं, हे त्यातून डोळ्यांना दिसतं.

काम सुरू करण्यापूर्वी आपली संख्या कोणत्या ओळीत आहे ते पाहा आणि अंकांची संख्या कोपऱ्यात टिपून ठेवा. १३ साठी ५. आता ११०१ हे उत्तर आलं तर पुढचं काहीही न तपासता ते खोडता येतं.

पायरी १: रूपांतर

प्रत्येक ओळीत तीनच कामं, आणि याच क्रमाने.

१. बाकी ठरवा. संख्या सम असेल तर ०, विषम असेल तर १. संख्या ऋण असली तरी हाच नियम.
२. संख्येतून ती बाकी वजा करा.
३. जे उरलं त्याचं निम्मं करा आणि चिन्ह उलटवा. हा पुढच्या ओळीचा भाज्य.

भाज्य ० झाला की थांबा. १३ साठी मांडणी अशी:

१३ : बाकी १, (१३ − १) ÷ (−२) = −६
−६ : बाकी ०, (−६ − ०) ÷ (−२) = ३
३ : बाकी १, (३ − १) ÷ (−२) = −१
−१ : बाकी १, (−१ − १) ÷ (−२) = १
१ : बाकी १, (१ − १) ÷ (−२) = ०

बाक्या खालून वर वाचा: १११०१.

सावधान: वरून खाली वाचलं तर १०१११ मिळतं आणि त्याची किंमत १९ आहे. अंक पाचच, एकांची संख्याही तीच, त्यामुळे हे उत्तर वरवर अगदी बरोबर वाटतं. मांडणी पूर्ण होताच शेवटच्या बाकीपासून वर जाणारा एक बाण काढायची सवय लावून घ्या.

या मांडणीत चौथ्या ओळीपाशी जरा थांबू, कारण बरेच जण तिथेच अडखळतात. भाज्य −१ आला की वाटतं, झालं, आता उरलं काय! मग बाकी १ लिहून काम थांबवलं जातं आणि हाती ११०१ येतं. पण −१ मधून १ वजा केला की −२ उरतात, आणि −२ ला −२ ने भागलं की १. म्हणजे अजून एक ओळ बाकी आहे.

तपासा: शेवटच्या ओळीतला भाज्य नेहमी १ असतो. तो −१ असेल तर एक ओळ राहिली आहे.

पायरी २: ऋण संख्येचं रूपांतर

रीत तीच. ऋण संख्येचं वजा चिन्ह बाजूला काढून धन संख्येचं रूपांतर करायचं आणि शेवटी चिन्ह परत लावायचं, हा मार्ग इथे चालत नाही. १३ आणि −१३ यांच्या रूपांत अंकांची संख्याही वेगळी असते.

−१३ : बाकी १, (−१३ − १) ÷ (−२) = ७
७ : बाकी १, (७ − १) ÷ (−२) = −३
−३ : बाकी १, (−३ − १) ÷ (−२) = २
२ : बाकी ०, (२ − ०) ÷ (−२) = −१
−१ : बाकी १, (−१ − १) ÷ (−२) = १
१ : बाकी १, (१ − १) ÷ (−२) = ०

उत्तर ११०१११. सहा अंक, आणि तक्त्यात −१३ सहा अंकांच्या ओळीतच आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक इथली. −१३ मधून १ वजा केला की −१४ होतात, −१२ नव्हे. हाताला सवय असते ती विषम संख्येतून एक काढून ती "लहान" करण्याची, त्यामुळे पेन आपोआप −१२ लिहून जातं आणि भागाकार ६ येतो. पुढच्या सगळ्या ओळी बिनचूक होतात, आणि शेवटी ११०१०१ मिळतं, ज्याची किंमत −११ आहे. मी ऋण विषम भाज्याची ओळ आली की कंसातली वजाबाकी पूर्ण लिहितो, मनात करत नाही. वरच्या मांडणीत कंस ठेवले आहेत ते त्यासाठीच.

पायरी ३: पडताळा, आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधणं

पडताळे तीन आहेत. झटपट होणारे आधी.

पहिला, अंकांची संख्या. ती विषम असेल तर संख्या धन, सम असेल तर ऋण. शिवाय ती कोपऱ्यात टिपलेल्या आकड्याशी जुळली पाहिजे.

दुसरा, तीनचा पडताळा. −२ ला ३ ने भागलं तर बाकी १ उरते (−२ = −३ + १), म्हणून प्रत्येक स्थानाची किंमत ३ ने भागल्यावर बाकी १ च देते. त्यामुळे रूपात जितके १ आहेत त्या संख्येला ३ ने भागून येणारी बाकी आणि मूळ संख्येला ३ ने भागून येणारी बाकी सारखीच असते. दशमान पद्धतीत नऊसाठी आपण अंकांची बेरीज करतो, तसंच हे. १११०१ मध्ये चार १ आहेत, बाकी १. १३ ला ३ ने भागलं तरी बाकी १. ११०१११ मध्ये पाच १, बाकी २; आणि −१३ = −१५ + २, बाकी २. मघाच्या चुकीच्या १००११ मध्ये तीन १ आहेत, म्हणजे ती संख्या ३ ने निःशेष भागली जाणारी. १३ जात नाही. सापडली चूक.

तिसरा, स्थानिक किमतींची बेरीज. १६ − ८ + ४ + १ = १३. उलट वाचलेलं उत्तर पहिल्या दोन पडताळ्यांतून निसटू शकतं, या तिसऱ्यातून नाही. म्हणून वेळ कमी असला तरी हा टाळू नका.

आता कामाची गोष्ट. बेरीज जुळली नाही म्हणून सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. भागाकारात एकाचा फरक पडणं ही नेहमीची चूक असेल, तर फरकाचा आकडाच ओळ सांगतो:

फरक २ : चूक पहिल्या ओळीत
फरक ४ : दुसऱ्या ओळीत
फरक ८ : तिसऱ्या ओळीत
फरक १६ : चौथ्या ओळीत

आणि पुढे दुप्पट होत जातं. १००११ ची किंमत १५, हवे होते १३, फरक २. म्हणजे पहिल्याच ओळीत १३ चा भागाकार −६ ऐवजी −७ घेतला गेला. ११०१ ची किंमत −३, फरक १६, चूक चौथ्या ओळीत. तिथेच तर आपण −१ वर थांबलो होतो. दुसरं उदाहरण घ्या. −१३ चं उत्तर ११११ आलं. किंमत −८ + ४ − २ + १ = −५, फरक ८, म्हणजे तिसरी ओळ. तिथे −३ मधून १ वजा करताना −२ लिहिलं गेलं असणार.

हा फरक नेहमी दोनाचा घात असतो आणि दोनाचा कोणताही घात ३ ने निःशेष भागला जात नाही. म्हणून अशी एकच चूक झाली असेल तर तीनच्या पडताळ्यात ती पकडली जातेच. दोन चुका झाल्या तर मात्र खात्री नाही.

पायरी ४: रूप पाहून संख्येचे गुणधर्म वाचणं

चिन्ह आणि तीनची विभाज्यता वर येऊन गेली. सम-विषम शेवटच्या अंकावरून, चारची विभाज्यता शेवटच्या दोन शून्यांवरून, आठची तीन शून्यांवरून. हे द्विमान पद्धतीसारखंच आहे.

लहान-मोठं ठरवताना मात्र सांभाळा. नेहमीच्या सवयीने डावीकडून पाहून "इथे १ आहे, तिथे ०, म्हणजे ही मोठी" असं म्हटलं तर निम्म्या वेळा चुकेल. रीत अशी: दोन्ही रूपं उजवीकडून जुळवून एकाखाली एक लिहा, कमी अंकांच्या रूपापुढे शून्यं भरा, आणि डावीकडून पहिलं वेगळं स्थान शोधा. ते स्थान सम असेल तर जिच्यात १ आहे ती मोठी. विषम असेल तर जिच्यात ० आहे ती मोठी. १११०१ आणि १०१११ मध्ये पहिला फरक स्थान ३ वर, किंमत −८. पहिल्या संख्येत तिथे १ आहे, म्हणून ती लहान: १३ आणि १९. उरलेली स्थानं हा निर्णय फिरवू शकत नाहीत, कारण त्या सगळ्यांतला फरक मिळून ७ च्या वर जाऊच शकत नाही.

पायरी ५: बेरीज आणि उलटा हातचा

एका स्थानावरचे दोन एक मिळून पुढच्या स्थानावरचा उणे एक होतो. स्थान ० वर दोन एक म्हणजे २, आणि स्थान १ ची किंमत −२. म्हणून तिथे हातचा −१ न्यावा लागतो. स्तंभाची बेरीज हातच्यासकट किती आली त्यावरून पुढे जा:

बेरीज −१ : १ लिहा, हातचा १
बेरीज ० : ० लिहा, हातचा नाही
बेरीज १ : १ लिहा, हातचा नाही
बेरीज २ : ० लिहा, हातचा −१
बेरीज ३ : १ लिहा, हातचा −१

पाचातली पहिली ओळ लोक विसरतात. स्तंभ रिकामा असेल आणि हातचा −१ आला असेल, तर बेरीज −१ होते. तिथे १ लिहून पुढच्या स्तंभाला धन हातचा द्यायचा.

१३ मध्ये १३ मिळवू, म्हणजे १११०१ + १११०१. यात चार प्रकार एकदम भेटतात.

स्थान ० : १ + १ = २, लिहा ०, हातचा −१
स्थान १ : ० + ० − १ = −१, लिहा १, हातचा १
स्थान २ : १ + १ + १ = ३, लिहा १, हातचा −१
स्थान ३ : १ + १ − १ = १, लिहा १
स्थान ४ : १ + १ = २, लिहा ०, हातचा −१
स्थान ५ : −१, लिहा १, हातचा १
स्थान ६ : १, लिहा १

उत्तर ११०१११०. पडताळा: ६४ − ३२ − ८ + ४ − २ = २६.

सावधान: डावीकडचे अंक संपले म्हणून हातचा सोडून देऊ नका. शेवटी −१ हातचा उरला तर त्यापायी दोन नवी स्थानं लागतात, वर स्थान ५ आणि ६ लागली तशी. १ + १ सुद्धा ११० होतं, तीन अंकी.

बेरीज येऊ लागली की चिन्ह बदलणं सोपं आहे. संख्येच्या शेवटी एक शून्य लावलं की ती −२ पट होते. त्यात मूळ संख्या मिळवली की −२ पट अधिक १ पट, म्हणजे −१ पट. १११०१० + १११०१ करून पाहा. ११०१११ येतं, पायरी २ मधलं −१३. माझ्या हिशेबी संपूर्ण रूपांतर तपासायचा हा उत्तम मार्ग आहे, कारण दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येतं. वजाबाकीही अशीच करा: वजा करायच्या संख्येचं चिन्ह बदला आणि बेरीज करा. वजाबाकीसाठी वेगळे नियम पाठ करण्यात काही हशील नाही.

पायरी ६: प्रोग्राम लिहिणार असाल तर

भाषेने दिलेल्या बाकीवर विसंबू नका. सी आणि जावामध्ये भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो, म्हणून १३ ला −२ ने भागलं की बाकी १ आणि भागाकार −६ मिळतो, सगळं ठीक. पण −१३ साठी बाकी −१ आणि भागाकार ६ येतो. म्हणजे १३ ची पहिली ओळ बरोबर येते आणि चूक नंतर, ऋण विषम भाज्य आल्यावर उघड होते. पायथनमध्ये बाकी भाजकाचं चिन्ह घेते, त्यामुळे −२ ने भागताना प्रत्येक विषम संख्येला बाकी −१ मिळते.

दुरुस्ती दोन्हीकडे एकच: बाकी ऋण आली तर तिच्यात २ मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. दोन्ही करायचं. नुसती बाकी सुधारली आणि भागाकार तसाच ठेवला, तर फरक २, ४, ८ वाली जुनी चूक परत येते.

हाताने केलेलं उत्तर तपासायला आणखी एक वाट आहे, भागाकाराशिवाय. विषम स्थानांच्या किमती चिन्ह सोडून मिळवा: २ + ८ + ३२ + १२८ = १७०. आपल्या संख्येत १७० मिळवा, आलेली संख्या साध्या द्विमान पद्धतीत लिहा, आणि फक्त विषम स्थानांवरचे अंक उलटवा, ० चा १ आणि १ चा ०. १०० साठी: १०० + १७० = २७०, द्विमानात १००००१११०. स्थान १, ३, ५ आणि ७ उलटवले की ११०१००१००. बेरीज २५६ − १२८ − ३२ + ४ = १००. प्रत्येक विषम स्थानावर "नसेल तर आहे, असेल तर नाही" असा बदल १७० मिळवल्याने होतो, म्हणून शेवटी तो उलटवावा लागतो. ही वाट −१७० ते ३४१ एवढ्याच संख्यांना चालते. त्यापलीकडे ५१२ आणि २०४८ हेही मिळवून १७० ऐवजी २७३० घ्या.

−१० पाया घेतला तर

पायऱ्या त्याच, फक्त बाकी ० ते ९ मधली. धन भाज्याची बाकी म्हणजे त्याचा शेवटचा अंक. ऋण भाज्याची बाकी म्हणजे शेवटचा अंक १० मधून वजा करून आलेला अंक, आणि शेवटी ० असेल तर ०. इथेही आधी बाकी, मग भागाकार.

३६५ : बाकी ५, (३६५ − ५) ÷ (−१०) = −३६
−३६ : बाकी ४, (−३६ − ४) ÷ (−१०) = ४
४ : बाकी ४, भागाकार ०

रूप ४४५, आणि ४०० − ४० + ५ = ३६५. −३६५ चं रूप १७७५ येतं: −१००० + ७०० − ७० + ५. तीनच्या पडताळ्याची जागा इथे ११ घेतो, कारण −१० ला ११ ने भागलं की बाकी १ उरते. ४४५ च्या अंकांची बेरीज १३, बाकी २; ३६५ = ३६३ + २, बाकी २. १७७५ च्या अंकांची बेरीज २०, बाकी ९; −३६५ = −३७४ + ९, बाकी ९.